कोरा नमुना

मांडवीतून नजमुद्दीनभाई आले दुपारी तीनला,
रुमालात तीन ढलप्या बांधून.
“बेन, आमांथी साचुं केटलुं, एटलुंज कहो.”
त्यांच्या नाकाला साठ वर्षांचा सराव,
पण गिऱ्हाइकाला आता नाक पुरत नाही,
कागद लागतो, शिक्क्याचा.

किसून, भिजवून, गाळून
सुईच्या टोकाएवढा थेंब यंत्राला दिला.
आत तीस मीटरची केसासारखी नळी
वेटोळं घालून बसलीय भट्टीत.
हलके पुढे पळतात, जड रेंगाळतात,
जो तो आपल्या वेळेला दाराशी पोचतो
आणि पडद्यावर एक सुळका उभा राहतो.

पहिलीत दोन सुळके, अल्फा आणि बीटा सँटॅलॉल.
पंधरा-पंधरा कार्बनची ही भावंडं
गाभ्यात जमायला पंचवीस-तीस वर्षं घेतात.
दुसरी नुसतं लाकूड, वरून तेल चोळलेलं,
तेही नंदेसरीकडच्या एखाद्या रिअ‍ॅक्टरात
गेल्या महिन्यात जन्मलेलं असावं.
तिसरी काळी, शिराशिरांची. चंदन नव्हेच. अगर.
“ए तमारे माटे. फी ना लो तो.”
फी घेतली. पावती दिली. ढलपीही ठेवून घेतली.

अगराच्या झाडाला मुळात वास नसतो.
खोडाला भोक पडतं, बुरशी शिरते,
मग झाड आतल्या आत राळ ओतत राहतं, वर्षानुवर्षं.
यावर सत्कार समारंभात बोलायला
छान वाक्य होईल.
मी करत नाही. झाडाला कुणी विचारलंय?

वाडीत, दुसऱ्या मजल्यावर, कुंदाताई.
हेमंत गेला त्याला चौदा महिने झाले.
रात्री अडीचला ती चपला शोधते,
प्रतापनगरला त्याला आणायला जायचं असतं.
डॉक्टरांची गोळी तिला झोपवते, निववत नाही.
झोपेतही मूठ मिटलेलीच.

निखारा राखेखाली पुरला,
वर अभ्रकाचा पापुद्रा,
त्यावर नखाएवढी कपची.
जाळायचं नाही. जळलं की नुसता धूर,
डोळ्यांना झोंबणारा, छातीला वाईट.
ऊब द्यायची फक्त.
क्रोमोन एरवी मुका असतो.
ऊब लागली की तुटतो,
आणि तुटताना कडू बदामाच्या वळणाचं
काहीतरी गोड त्यातून सुटतं.

मी तिच्या मनगटावर बोटं ठेवली.
शहाण्णव.
खाली रिक्षा गेली, मग एक कुत्रं, मग काहीच नाही.
चौऱ्याऐंशी.
“चपला कुठायत गं?”
“दाराशी.”
“असू देत.”
मूठ उघडली, करंगळीपासून.

सकाळी लॅबमध्ये, रोजच्यासारखा,
आधी कोरा नमुना घातला,
नुसता द्राव, आत काही नाही.
पडद्यावर सपाट रेषा.
बावीस वर्षं हे केल्याशिवाय
मी एकही निकाल लिहिलेला नाही,
आणि काल रात्री घरी
सरळ विसरले.

म्हणून आज परत निखारा, राख, अभ्रक.
वर काही नाही.
तिच्याजवळ बसले, कालच्याच जागी,
कालचीच तीन बोटं त्याच मनगटावर.
नव्वद.
बऱ्याच वेळानं म्हणाली, “आज कुठलं?”
“कुठलं म्हणजे?”
“लाकूड गं. कालच्यापेक्षा हलकं आहे.”
अठ्ठ्याहत्तर.

खोटं बोलले नाही मी.
काही बोललेच नाही.

नजमुद्दीनभाईंच्या रिपोर्टवर सही केली:
एक अस्सल, दोन बनावट.
आमच्या रिपोर्टचं अवघड आहे.
एका रात्रीचा आकडा, एका रात्रीचा कोरा,
एवढ्यावर काही सिद्ध होत नाही,
आणि ताई काही माझं यंत्र नाही.
ढलपी रुमालात आहे, अजून निम्मी.
रविवारी बघेन परत, दोन्ही तऱ्हेनं.
तोवर तिच्या चपला मी
दाराशी ठेवते रात्री,
जोडीनं,
बाहेर तोंड करून.